गुणिले एक पॉइंट तीन

"बाई, तो एक पॉइंट तीन तुम्ही घातला होता की प्रोफेसरांनी?" नेसरीननं कपात दूध ओतता ओतता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाटली फ्रिजमध्ये ठेवायला वाकली. झालं ते एवढंच. गुरुवार, सकाळचे सव्वादहा, टेकडीवरच्या खगोलसंस्थेचं ते चिंचोळं चहाघर, खिडकीबाहेर नोव्हेंबरचं धुकं, आणि इर्मेला केशेलेच्या हातात लोणी लावलेला अर्धा ब्रेत्सेल. तिनं घास चावून गिळला, ओठाला लागलेलं मीठ पुसलं आणि विचारलं, "कुठला गं?" वास्तविक कुठला ते तिला पक्कं ठाऊक होतं. "गोगलगायीचा हो," नेसरीन म्हणाली. "फुग्याच्या उड्डाणाचा आकडा. अठ्ठ्याहत्तर सालचा. एक्केचाळीस पॉइंट सहा. तुमच्या पेपरात तुम्ही त्याला एक पॉइंट तीननं गुणलंय. पण प्रोफेसरांनी तुम्हाला तो आधीच गुणून दिलेला असला तर?" "बघून सांगते. त्यांनी दिलेला कागद घरी आहे." "सावकाश बघा, घाई नाही," नेसरीन म्हणाली आणि मग स्वतःशीच हसली, "म्हणजे तीन आठवड्यांत प्रबंध द्यायचाय, तेवढीच काय ती घाई." आणि कप घेऊन ती गेली. रॉइटलिंगेनच्या तुर्की शिंप्याची ही मुलगी आमची इथली जर्मन बोली अशी बोलते, की गावातल्या म्हाताऱ्यांनी शिकून घ्यावी. प्रश्नही ती आमच्यासारखाच विचारते, म्हणजे पाठ वळवून.

इर्मेला आपल्या खोलीत आली, दार लावलं आणि खुर्चीवर कोट न काढता बसली. मग लक्षात आलं, कोट घातलेलाच नाहीये, नुसतंच तसं वाटतंय. समोरच्या भिंतीवर गोगलगायीचा आलेख टांगलेला होता, काचेच्या चौकटीत, बढती झाली तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेला. गोगलगाय म्हणजे एक तारा. मेलेला, विझलेला, एका शहराएवढा लहान आणि सूर्याहून जड. स्वतःभोवती एक फेरी मारायला त्याला अकरा मिनिटं लागतात. त्याच्या जातीचे बाकीचे तारे सेकंदात गरगरतात, म्हणून याचं नाव गोगलगाय. कॅटलॉगमधला त्याचा लांबलचक नंबर कुणी उच्चारत नाही. त्याचं चुंबकक्षेत्र मोजायचं ते तिथं जाऊन थोडंच मोजता येतं! त्याच्याकडून येणारे क्ष-किरण उपग्रहावर पकडायचे, कुठल्या ऊर्जेचे किती आले ते मांडायचं, आणि त्या रेषेत कुठं खळगा पडलाय ते शोधायचं. त्या चुंबकाच्या कचाट्यात सापडलेले इलेक्ट्रॉन नेमक्या एकाच ऊर्जेचे किरण गिळतात, आणि चुंबक जेवढा जबरदस्त तेवढा खळगा वरच्या ऊर्जेला पडतो. खळग्याची जागा सापडली की चुंबक सापडला. फक्त एक मेख आहे. ताऱ्याची ओढ इतकी भयंकर असते, की तिथून वर चढून येताना किरण दमतात. निघतात त्यापेक्षा कमी होऊन आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून जो आकडा आपल्याला मिळतो त्याला एक पॉइंट तीननं गुणायचं, की ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा खरा आकडा मिळतो. एकदाच गुणायचं. हे पहिल्या सत्रातल्या पोरांनाही ठाऊक असतं.

भिंतीवरच्या आलेखात दोन ठिपके होते. डावा अठ्ठ्याहत्तर सालचा, प्रोफेसर गोटहोल्ट एबरवाइन यांनी फुग्याला टांगून आकाशात चाळीस किलोमीटर वर पाठवलेल्या यंत्राचा: एक्केचाळीस पॉइंट सहा. उजवा एक्क्याण्णव सालचा, इर्मेलाचा स्वतःचा, उपग्रहावरच्या यंत्राचा: बत्तीस. हे दोन्ही आकडे एक पॉइंट तीननं गुणून ठिपके मांडलेले आणि मध्ये उतरती रेघ. तेरा वर्षांत तेवीस टक्के घट. एखाद्या ताऱ्याचं चुंबकक्षेत्र माणसाच्या आयुष्यात इतकं ढासळताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या उतरत्या रेघेवर इर्मेलाला ही खोली मिळाली, ही नोकरी मिळाली, जपानला आणि इटलीला बोलावणी आली. त्यानंतर तीस वर्षं गोगलगाय बत्तीसवरच बसून राहिली, तर विद्वानांनी त्याचीही उपपत्ती लावली, की घसरलं आणि थांबलं. का घसरलं आणि का थांबलं, हाच तर नेसरीनच्या प्रबंधाचा तिसरा भाग होता, चार वर्षांची मेहनत. तीस वर्षं इर्मेला "तेवीस टक्के" म्हणत आली होती. एक्केचाळीस पॉइंट सहाला बत्तीसनं भागायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. आता पेन्सिल नको होती, कागद नको होता. बत्तीस तिक शहाण्णव, नऊ पॉइंट सहा. बत्तीस आणि नऊ पॉइंट सहा. तिनं डोळे मिटून घेतले. बरोब्बर एक पॉइंट तीन. एवढा बरोब्बर, की कुणाच्या नजरेस पडला नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी पायीच उतरली. पुलावरून नेकार नदी ओलांडताना तिला वाटलं, कठड्याशी उभं राहून कागद फाडून टाकता येईल. मग आठवलं, कागद घरी आहे. नुसतं एवढं वाटलं म्हणूनच तिला स्वतःची शरम वाटली, आणि ती चार पावलं भरभर चालली. घरी आली तर दाराच्या मुठीला गेल्या शनिवारपासूनची पाटी लटकत होती, लाकडी, दोरीला बांधलेली: झाडण्याचा आठवडा. आमच्याकडे प्रत्येक इमारतीत ही पाटी दारोदार फिरते. जिच्या दारावर पाटी तिनं तो आठवडा जिना झाडायचा, पुसायचा, फाटकापर्यंतचा रस्ता बघायचा, आणि शनिवारी काम झालं की पाटी पुढच्या दारावर. कोण कसं झाडतं यावरून माणसाची परीक्षा होते. लग्नं जुळली आहेत आणि मोडली आहेत म्हणे यावरून. खालच्या मजल्यावरच्या फ्लायडेररबाई दाराच्या फटीतून वर बघत होत्याच. त्र्याऐंशी वर्षांच्या, कान तिखट. "पाटी बघितली ना, केशेलेबाई?" "बघितली." "नाही, मागच्या खेपेला कठड्याच्या खालच्या बाजूनं फडकं फिरलं नव्हतं. म्हणजे मी काही म्हणत नाहीये." "फिरवीन." "मी काहीच म्हणत नाहीये," फ्लायडेररबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

फाइल कपाटात वरच्या फळीवर होती, पाठीवर तिच्याच अक्षरात '१९९१–९४'. माऊलताशनचा, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या पुड्यांचा, रस्सा चुलीवर गरम व्हायला ठेवून तिनं ती जेवणाच्या टेबलावर उघडली. कागद सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तिच्याकडे काहीच हरवत नाही, कधीच, आणि आज तिला त्याचा संताप आला. चौकटीचा पिवळट कागद, प्रोफेसरांचं बारीक उभट पेन्सिलीतलं अक्षर: गोगलगाय, उड्डाणाची तारीख, खळगा, ४१.६. पुढं काही नाही. आकड्याच्या डोक्यापाशी, कागदाच्या डाव्या कडेला, फाइलीत अडकवण्यासाठी पाडलेलं गोल भोक. प्रोफेसरांची एक सवय तिला ठाऊक होती, त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सगळ्यांना ठाऊक होती. पृष्ठभागावरचा, म्हणजे गुणून झालेला आकडा असला, की ते त्याच्या डोक्यावर मसुराच्या दाण्याएवढं वर्तुळ काढत. तिनं कागद दिव्याशी धरला. भोकाच्या काठावर पेन्सिलीची एक पुसट कमान होती. वर्तुळाची असेल. किंवा कशाचीही असेल. टाचणीच्या गंजाचा डाग, बोटाचा मळ. भोक तिनंच पाडलं होतं. एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात, कागद हातात पडल्या दिवशी, नीटनेटकेपणानं. रस्सा उतू गेला तेव्हा ती उठली.

त्या दिवसाचं तिला सगळं आठवत होतं. म्हणजे कागद मिळाला त्या दिवसाचं नव्हे, त्यानंतर वर्षभरानं तिनं आलेख तयार करून प्रोफेसरांना नेऊन दाखवला त्या दिवसाचं. ती एकतीस वर्षांची होती. त्यांच्या खोलीत सफरचंदांचा वास असायचा, खिडकीत बागेतली सफरचंदं रांगेनं मांडलेली असत. त्यांनी आलेख हातात घेतला, खिडकीपाशी नेला, आणि इतका वेळ बघत राहिले, की तिला पायांत मुंग्या आल्या. तोंडावरची रेघ हलली नाही. मग आलेख परत दिला आणि म्हणाले, "असंही करता येतं." बस्स. ती जिना उतरली ती जवळजवळ उडतच. प्रोफेसर एबरवाइन कुणाला 'छान' म्हणाले असं संस्थेत कुणी ऐकलं नव्हतं. ओरडले नाहीत म्हणजे पावलं, असं सगळे धरून चालत. त्या माणसाच्या तोंडून 'असंही करता येतं' म्हणजे काय! तिनं ते मनात गुणलं. गुणण्याची सवय तिला आईपासून लागलेली. आई रॉइटलिंगेनच्या मोजे विणायच्या कारखान्यात तीस वर्षं उभी होती, मुलगी डॉक्टरेट घेऊन घरी आली तर म्हणाली, "हं, मग आता जेवून घे." इर्मेलानं त्याला एक पॉइंट तीननं गुणलं, दोननं गुणलं, आणि रात्रभर सुखानं झोपली. आई गेली त्या दुपारी इस्पितळात डोळे उघडून म्हणाली, "आलीस होय." त्याचंही तिनं काय काय केलं होतं! आणि नवरा, फोल्कमार. फोल्कमार अकरा वर्षं सकाळच्या न्याहारीला तिच्याकडे बघून म्हणायचा, "वाईट नाही चाललंय आपलं." ती म्हणायची, याच्या पोटात केवढी माया आहे, बाहेर येताना दमते बिचारी. बाराव्या वर्षी तो कासेलला निघून गेला, एका दंतवैद्य बाईकडे, तेव्हा इर्मेला आठ महिने हिशेब लावत बसली होती, की चुकलं कुठं. त्यानं तर जे होतं तेच सांगितलं होतं. वाईट नाही, म्हणजे वाईट नाही. गुणलं होतं ते हिनं.

म्हणजे मग 'असंही करता येतं' हे काय होतं? जेवणाचं टेबल पुसता पुसता तिचा हात थांबला. ती कौतुकाची थाप नव्हतीच की काय? इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांनी सांगितलं होतं का, की बाई, असंही करता येतं, पण करू नये? की त्यांनाही कळलं नव्हतं? की कळलं होतं आणि ते मूग गिळून बसले? तीस वर्षं? तिच्या बढतीच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा तो माणूस... टाळ्या वाजवल्या होत्या का त्यांनी? तिनं आठवून बघितलं. हात मांडीवर होते. टोपी धरलेली. तिनं खिडकी उघडली. बाहेर ओल्या पाचोळ्याचा वास होता. आणि या सगळ्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती, तिच्याकडे बघायचं ती टाळत होती: हा कागद जगात फक्त तिच्या कपाटात आहे. 'सापडला नाही गं' म्हटलं की संपलं. प्रोफेसर एकोणनव्वदचे, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात. आणखी किती दिवस? तिला निवृत्त व्हायला दीड वर्ष. नेसरीन प्रबंध देईल, तिला पदवी मिळेल, न घडलेल्या घसरणीचं कारण सांगितल्याबद्दल. आणि मग ती तेच पुढं आयुष्यभर सांगत राहील, भिंतीवर चौकटीत टांगून.

शुक्रवारी ती संस्थेत गेली, पण चहाघरात गेली नाही. दुपारी मसूर आणि श्पेट्स्लेच्या शेवयांचं ताट घेऊन ती कोपऱ्यात बसली तर नेसरीन समोरच येऊन बसली. कागदाचं नाव काढलं नाही तिनं. सॉसेजचा तुकडा बाजूला सारत म्हणाली, "आमच्या अब्बांनी प्रबंधाच्या समारंभासाठी सूट शिवायला घेतलाय. स्वतःसाठी. रोज मला विचारतात, अस्तर कुठल्या रंगाचं. मी म्हटलं, अहो, आधी प्रबंध तर होऊ दे." "मग काय म्हणाले?" "म्हणाले, तू तुझी शिलाई कर, मी माझी करतो." इर्मेला हसली, आणि हसता हसता तिनं मान खाली घातली. नेसरीन तिच्याकडे बघत होती. सरळ, न हसता. "बाई, बरं वाटत नाहीये का?" "थोडं पोट," इर्मेला म्हणाली. खोटं. साठीच्या पुढं आल्यावर एका पोरीशी खोटं बोलायची पाळी यावी, याचं तिला इतकं वाईट वाटलं, की तिनं आख्खं ताट संपवलं.

शनिवारी सकाळी तिनं जिना झाडला. चौथ्या मजल्यापासून खाली, एकेक पायरी, आधी कोरडं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. कोपऱ्यातली धूळ चमच्याच्या दांड्यानं काढली. गुडघे दुखत होते आणि ते बरं वाटत होतं. कठड्याच्या खालच्या बाजूनं फडकं फिरवताना तिच्या हाताला खालून चिकटवलेला जुना च्युइंग गम लागला, दगडासारखा झालेला, कुणास ठाऊक किती वर्षांचा. वरून तीस वर्षं ती कठडा पुसत आली होती. तिनं तो सुरीनं खरवडून काढला. मग हात धुतले, बेकरीतून वेणी घातलेला गोड पाव घेतला, कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पिशवीत ठेवला, आणि पुलावरून पलीकडे गेली.

प्रोफेसर एबरवाइन खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर घोंगडी, खिडकीत तीन सफरचंदं. अंगानं ते निम्मे झाले होते, पण डोळे तेच. "केशेलेबाई," ते म्हणाले, "आज रविवार नाही." ती रविवारी येत असे, महिन्यातून एकदा. "नाही, शनिवार आहे. एक विचारायचं होतं." तिनं कागद पुठ्ठ्यातून काढून त्यांच्या घोंगडीवर ठेवला आणि भोकाकडे बोट दाखवलं. "इथं वर्तुळ होतं का?" त्यांनी कागद डोळ्यांशी नेला. इतका वेळ बघत राहिले, की तिच्या पायांत मुंग्या आल्या, आणि तिला हे ओळखीचं वाटलं. "भोक कुणी पाडलं?" त्यांनी विचारलं. "मी." "हं. सरळ पाडलंय." मग त्यांनी कागद खाली ठेवला. "अर्थात होतं. ताऱ्याचा आकडा ताऱ्याचाच द्यायचा. माझ्यापर्यंत पोचलेला देऊन काय करू?" "म्हणजे तुम्हाला मिळाला होता तो..." "बत्तीस," प्रोफेसर म्हणाले.

मघापासून उभी होती ती बसली. पलंगाच्या कडेवर, परवानगी न विचारता. "तुम्हाला ठाऊक होतं?" "तुमचा आलेख बघितला तेव्हा कळलं." "मग सांगितलं का नाही? तीस वर्षं, प्रोफेसर! तीस वर्षं मी गावोगाव जाऊन..." तिचा आवाज चढला, बाहेरून जाणारी परिचारिका क्षणभर थबकली आणि पुढं गेली. प्रोफेसर खरोखरच बुचकळ्यात पडलेले दिसले. "सांगितलं की," ते म्हणाले. "म्हणालो नव्हतो का, असंही करता येतं? यापेक्षा कठोर मी कुणाला बोललो नाही. मला वाटलं, पोरगी आता घरी जाऊन रडेल आणि सगळं पुन्हा तपासेल. तुम्ही छापून आणलंत." इर्मेलाला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. "मला वाटलं तुम्ही कौतुक केलंत." "कौतुक?" म्हातारा म्हणाला. "ते कशावरून?"

प्रोफेसरांनी खिडकीतलं एक सफरचंद उचललं, हातात फिरवलं, पुन्हा जागेवर ठेवलं. मग खिडकीकडे बघतच बोलायला लागले. "एकोणऐंशीत मी तो बत्तीस सभेत दाखवला होता. तीसेक माणसं होती. म्युनिकचा एक जण उठला. आता नाही तो. म्हणाला, महाशय, तुमच्या यंत्रात आयोडिनचा स्फटिक आहे ना? आयोडिन स्वतःच तेहेतीसपाशी किरण गिळतं. तुम्ही ताऱ्याचा चुंबक मोजला नाही, तुम्ही आपला स्फटिक मोजलाय. सगळे हसले. मी बसलो. छापलं नाही. कुणाला बोललो नाही, घरीसुद्धा नाही. स्वतःलाही वाटायला लागलं, स्फटिकच असेल. तेरा वर्षं वाटत राहिलं. आणि मग तुम्ही आलात आलेख घेऊन. तुमच्या यंत्रात आयोडिनचा कणही नव्हता. आणि तुमचा खळगा कुठं, तर बत्तीसला." त्यांनी मांडीवरची घोंगडी सारखी केली. "आलेख हातात घेऊन मी खिडकीशी गेलो तो तुम्हाला तोंड दिसू नये म्हणून. त्या संध्याकाळी घरी गेलो आणि बायकोसमोर रडलो, केशेलेबाई. तिला म्हटलं, आहे. ती रेघ आहे. ताऱ्याची आहे. ती पोर माझ्याहून चांगलं काम करते. आयुष्यात एवढा आनंद मला झाला नव्हता. आणि तुम्ही तिथं उभ्या, त्या उतरत्या रेघेवर खूश. मला दोन्ही सांगायचं होतं. हे चुकलंय, आणि हे किती सुंदर आहे. तेवढंच बाहेर आलं." "असंही करता येतं," इर्मेला म्हणाली. "हो," प्रोफेसर म्हणाले. "मग छापून आलं, लोक धरून चालले, बायको आजारी पडली. दर वर्षी म्हणत होतो, आता सांगतो. मी भित्रा आहे. तेव्हाही खाली बसलो होतो, यावेळीही बसलो." त्यांनी हात पुढं केला. तिनं तो धरला. पस्तीस वर्षांत हस्तांदोलनापलीकडे तिनं त्यांना हात लावला नव्हता. हात हलका होता आणि गरम होता, आणि ती आता खुशाल रडत होती, नाक ओढत, लहान मुलीसारखी. ती निघाली तेव्हा ते म्हणाले, "पाव घेऊन जाऊ नका परत." तिनं त्यांना दोन काप करून दिले, लोणी लावून.

वृद्धाश्रमाच्या बागेतल्या बाकावरून तिनं फोन लावला. बाक ओला होता, तरी ती बसली. "नेसरीन, कागद बघितला. प्रोफेसरांनाही विचारलं. गुणलेला होता. त्यांनीच गुणला होता, मी पुन्हा गुणला. घट बिट काही झालीच नाही." पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो दूर गेला, नेसरीन दुसऱ्या खोलीत गेली असावी. "तुझा तिसरा भाग गेला," इर्मेला म्हणाली. "माझा पेपर गेला. सोमवारी मी नियतकालिकाला लिहिते, चूक माझी म्हणून. तुला मुदतवाढ मिळवून देते, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागलं तरी पडेन. पण ऐक. अठ्ठ्याहत्तरला बत्तीस. एक्क्याण्णवला बत्तीस. आज बत्तीस. तीन वेगळी यंत्रं. इतकी वर्षं एवढ्या नेमकेपणानं न हललेला चुंबक दुसरा कुणाकडे आहे का, सांग मला. आणि पहिला बत्तीस प्रोफेसरांचा आहे, त्यांच्या नावानं जाईल तो." स्कर्टातून बाकाची ओल वर चढत होती. "नेसरीन? आहेस ना?" "आहे," नेसरीन म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "बाई, मी मंगळवारीच भागून पाहिलं होतं." "काय?" "एक्केचाळीस पॉइंट सहा भागिले बत्तीस. मंगळवारी. दोन दिवस कुठल्या तोंडानं विचारू, हेच कळत नव्हतं. आणि विचारल्यावर तुम्ही म्हणालात, पोट बरं नाही." इर्मेला बाकावरून उठली. "आणि मी सांगितलंच नसतं तर?" "ठाऊक नाही," नेसरीन म्हणाली. "अब्बा सूट शिवतायत, बाई. मला खरंच ठाऊक नाही." आणि दोघी एकाच वेळी रडायला लागल्या, एक नदीच्या या काठाला, एक रॉइटलिंगेनला, आणि मध्येच नेसरीन म्हणाली, "अस्तर तेवढं चार महिन्यांनी ठरवा म्हणून सांगते आता त्यांना," आणि त्यावर त्या हसल्याही.

घरी आली तेव्हा अजून उजेड होता. तिनं आपल्या दारावरची पाटी काढली आणि जिना उतरून फ्लायडेररबाईंच्या मुठीला अडकवायला गेली, तर दार उघडंच आणि बाई जिन्यात. कठड्याच्या खालच्या बाजूनं त्यांनी बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, च्युइंग गमच्या जागेपाशी पुन्हा एकदा फिरवलं. "हं," फ्लायडेररबाई म्हणाल्या. "वाईट नाही." आणि पाटी घेऊन आत वळल्या. इर्मेला तिथंच उभी राहिली. "फ्लायडेररबाई," ती म्हणाली, "वाईट नाही म्हणजे काय?" "म्हणजे काय म्हणजे काय?" "म्हणजे चालेल, की चांगलं झालंय, की आणखी काही? जे असेल ते सांगा, वाईट असेल तर तेही सांगा. मला अंदाज करायचा नाहीये." फ्लायडेररबाई तिच्याकडे बघत राहिल्या, तिचे सुजलेले डोळे, ओला स्कर्ट. त्यांनी मागं जिन्यात एकदा नजर टाकली, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. "अहो, आरशासारखा झालाय जिना," त्या हळूच, जवळजवळ रागानंच म्हणाल्या. "सकाळी तुम्ही पायऱ्यांवर गुडघे टेकून बसला होतात ना, तेव्हा मी दाराआड उभी होते. बाहेर येऊन म्हणणार होते, पुरे करा, सकाळपासून पोटात काही नसेल, आत या, कॉफी टाकलीय." "मग आला का नाहीत?" "आता येताय का?" फ्लायडेररबाईंनी विचारलं, आणि दार उघडं धरलं.